बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान दोन दिवसांत: आधी टोक, मग गेट

'नॅशनल पार्कला जाऊन आलो' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो तो फक्त गेटपासूनचा पहिला किलोमीटर. होडी, बाग, कणीस, फोटो, आणि दुपारी एक वाजता कुणाला तरी आठवतं की कान्हेरीची बौद्ध लेणी राहिलीच. मग बसच्या रांगेत उभं राहायचं, दोनला वर पोचायचं, तापलेल्या कातळावरून कसंबसं एक चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन) उरकायचं आणि पाणी संपलं म्हणून खाली यायचं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. बोरिवली, गोरेगाव, मुलुंड, ठाणे ही सगळी त्याच्या कडेकडेने वसलेली. त्यातला सर्वसामान्य माणसाला फिरता येण्याजोगा भाग अगदी थोडा, पण तेवढाही नीट पाहायचा तर दोन दिवस लागतात आणि क्रम उलटा धरावा लागतो. सगळ्यात लांबचं सकाळी, गेटजवळचं सगळ्यात शेवटी. पुढचा बेत त्या हिशोबाने आखला आहे.

आदल्या दिवशी

पहिली गोष्ट वार. सोमवारी उद्यान बंद, कान्हेरीची लेणीही बंद. दोन दिवस हाताशी असतील तर मंगळवार-बुधवारसारखे आठवड्यातले दिवस उत्तम. ते जमत नसेल तर शनिवारी कान्हेरी आणि रविवारी रानवाट असंच ठेवावं, उलट करू नये. रानवाटेवर वाटाड्याबरोबर मोजकेच लोक सोडतात, त्यामुळे रविवारच्या गर्दीचा तिथे त्रास नाही. कान्हेरीला मात्र रविवारी दुपारी येणाऱ्या बसची रांग पाऊण तासाची होऊ शकते.

दुसरी गोष्ट महिना. पावसाळ्यात डोंगर देखणा दिसतो खरा, पण कान्हेरीच्या कोरीव पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि ओढे बघता बघता चढतात. वर तुळशी तलावाच्या अंगाला जोराची सर आली की खाली कोरडं ऊन असतानाही पाणी वाढतं, म्हणून ओढ्यात उतरणं हा तिथला सगळ्यात महागात पडणारा शौक. ऑक्टोबरात उकाडा, एप्रिल-मे मध्ये कातळ भाजतो. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ धरावा. पानगळ सुरू झाल्याने पक्षी नजरेला पडतात, पांगारा आणि काटेसावर फुलावर येतात आणि सकाळी आठला अंगात स्वेटर लागतो.

रानवाटेची नोंदणी आधी करावी लागते. उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्राकडून शिलोंडा, कान्हेरीच्या वरचा डोंगर, जांभूळमाळ अशा वाटांवर वाटाडे घेऊन जातात. परवानगीशिवाय या वाटांना लागणं हा वन कायद्याखालचा गुन्हा आहे. 'बघू तिथे गेल्यावर' म्हणून गेलेल्यांना गेटवरूनच परत यावं लागतं. जांभूळमाळ हा उद्यानातला सर्वांत उंच माथा, साडेचारशे मीटरच्या वर. पहिल्या खेपेला तो नको. चढ उघडा आहे आणि दिवस त्यातच जातो.

पिशवीचं काम रात्रीच उरकावं. माणशी दीड ते दोन लिटर पाणी, तेही स्टीलच्या बाटल्यांत, कारण गेटवर सामान तपासतात आणि प्लास्टिकच्या पिशव्या, पुड्या काढून घेतात. जेवण झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात: दशम्या, कोरडी चटणी, उकडलेले बटाटे. पातळ भाजी नको, वास पसरतो आणि माकडं येतात. पाठीवरच्या पिशवीला चेन हवी. खांद्याला अडकवलेली उघडी कापडी पिशवी कान्हेरीत दहा मिनिटंही टिकत नाही. पायात खाचांचे तळ असलेले बूट. वाळलेल्या सागाच्या पानांच्या थरावर गुळगुळीत तळाची चप्पल घसरते, आणि उतारावर तर घसरतेच. एक छोटी बॅटरी, मोबाइलचा दिवा चालत असला तरी वेगळी, कारण लेण्यांतले लेख आणि छतं पाहायला ती लागते. अंगात मातकट किंवा हिरवट कपडे, पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट, उंच मोजे. मोज्यांचं कारण दुसऱ्या दिवशी कळेल. शंभर-पन्नासच्या काही नोटा वेगळ्या ठेवाव्यात, कारण आत मोबाइलची रेंज येते-जाते आणि पैसे भरताना नेमकी जाते.

पहिला दिवस: कान्हेरी

पश्चिम रेल्वेने आलात तर बोरिवलीला पूर्वेला उतरायचं. स्टेशनपासून महामार्ग ओलांडून मुख्य गेट पंधरा-वीस मिनिटं चालत. अंधेरीकडून येणाऱ्यांना मेट्रो ७ चं 'राष्ट्रीय उद्यान' हे स्थानक सोयीचं, महामार्गावरच आहे. अलीकडचं देवीपाडा आणि पलीकडचं ओवरीपाडा, या दोहोंच्या मध्ये. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने येणाऱ्यांनी सकाळची वाहतूक धरून तासाभराची सूट ठेवावी.

गेटवर साडेसातला हजर असावं. पहाटेपासून आत दिसणारी माणसं पास काढलेली फिरायला येणारी असतात, त्यांना पाहून आपल्याला उशीर झाला असं वाटून घेऊ नये. तिकिटं तीन वेगवेगळी. पहिलं उद्यानाच्या प्रवेशाचं, मोठ्यांसाठी शंभराच्या आतबाहेर आणि अधूनमधून थोडं वाढणारं. दुसरं कान्हेरीच्या बसचं. तिसरं वर लेण्यांच्या पायथ्याशी, पुरातत्त्व खात्याचं, २५ रुपये. पंधरा वर्षांखालच्या मुलांना हे तिसरं तिकीट नाही. ऑनलाइन काढून ठेवलं तर थोडं स्वस्त पडतं आणि वरच्या रांगेतून सुटका होते.

गेटपासून कान्हेरी सहा किलोमीटर. बस माणसं भरली की सुटते, घड्याळावर नाही, म्हणून पहिल्या बसला थोडी वाट पाहावी लागते. भाड्याने सायकलही मिळते, ओळखपत्र आणि अनामत ठेवून. सायकल घेणार असाल तर हे ध्यानात घ्या: पहिले चार किलोमीटर जवळपास सपाट आहेत आणि त्यावर भुलून लोक जोरात मारतात, शेवटचा चढ उभा आहे आणि भाड्याच्या सायकलींचे गिअर बहुधा नावालाच असतात. तो टप्पा हाताने ढकलत न्यायची तयारी हवी. ताब्यात घेतानाच दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहावी. चाक फिरलं तर दुसरी मागावी, कारण संध्याकाळी तोच चढ उतार होतो. साखळी ढिली आहे का, सीट वर होते का, हेही तिथेच पाहायचं. बसणाऱ्याचा पाय खालच्या पॅडलवर जवळजवळ सरळ व्हायला हवा, नाहीतर सहा किलोमीटरांत गुडघे बोलू लागतात.

चालत जायचं असेल तर चढाला पावणेदोन तास. तसं चालण्यात मजा आहे, पण ती परतीला. सकाळचा थंड वेळ रस्त्यावर घालवू नये. रस्त्याच्या साथीने वाहणारी दहिसर नदी तुळशी तलावाच्या अंगाने येते. तुळशीचा बांध १८७९ मधला, त्याआधीचा विहार तलाव १८६०चा. दोन्ही अजून मुंबईला पाणी देतात आणि दोन्हींत मगरी आहेत. तिकडचा फाटा लोकांसाठी बंद आहे, विनंती करून काही होत नाही.

कान्हेरीच्या तिकीटखिडकीजवळ आदिवासी पाड्यांवरच्या बायका काकड्या, बोरं, आवळे, चिंचा घेऊन बसलेल्या असतात. खरेदी उतरताना करावी. वर नेलेली काकडी माकडाची.

पायऱ्या चढून गेलं की सुरुवातीलाच लेणी १, २ आणि ३ लागतात. तिसरं म्हणजे ते प्रसिद्ध चैत्यगृह. सगळे तिथे शिरतात. सकाळी ते सोडून पुढे जावं, आणि याचं कारण सोपं आहे: चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी आत काळोख, उंबऱ्यापाशी सावली. दुपारी दोननंतर ऊन समोरून आत येतं, खांब उजळतात, स्तूपाची गोलाई दिसते. शिवाय ते सगळ्यात खाली असल्याने उतरताना आपसूक वाटेत येतं. म्हणजे आधी माथा, शेवटी चैत्य.

लेणी एकूण १०९. सगळी पाहायचा हट्ट नको. बरीचशी एका छापाची आहेत: छोटी पडवी, एक खोली, भिंतीलगत निजायचा दगडी ओटा. क्रमांकही वाटेवर ओळीने भेटत नाहीत, कारण लेणी घळीच्या दोन्ही अंगांना आणि चार-पाच थरांत आहेत. अकरा, चौतीस, एक्केचाळीस, सत्त्याऐंशी आणि नव्वद एवढी ठरवून पाहावीत, बाकीची वाटेत भेटतील तशी.

घळीच्या काठचं अकरा नंबरचं लेणं म्हणजे दरबार. दालनाच्या लांबीभर जमिनीपासून जेमतेम वर उचललेले दोन दगडी बाक समोरासमोर कोरलेले आहेत. भिक्षू ओळीने बसत असावेत. वेरूळच्या पाचव्या लेण्यात हीच मांडणी आहे, तिथे जाऊन आलेल्यांना लगेच ओळख पटते. याच लेण्यात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले, नवव्या शतकातले लेख आहेत. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकात सुरू झालेला विहार, म्हणजे भिक्षूंचा मठ, तेव्हा जवळपास हजार वर्षांचा होता आणि लोक अजून दान देत होते.

चौतीसमध्ये बॅटरी लागते. छताला अर्धवट राहिलेलं चित्र आहे, बसलेला बुद्ध, रेघा आणि थोडा रंग. मान वर करून मिनिटभर थांबल्याशिवाय काही दिसत नाही. बरेच लोक आत डोकावून 'रिकामं आहे' म्हणत निघून जातात. एक्केचाळीसमध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व. मुख्य मुखावर लहान मुखांच्या तीन ओळी रचल्या आहेत, खालून मोजत गेलं तरच अकरा भरतात.

पण कान्हेरीत खरं पाहायचं ते पाणी. चैत्यं आणि विहार कार्ल्यालाही आहेत. इतक्या मोठ्या वस्तीला वर्षभर पुरेल असं पाणी या उघड्या कातळावर कसं धरलं, ते इथेच सविस्तर बघायला मिळतं. कुठल्याही खोलीच्या पडवीबाहेर, बहुतेक एका बाजूला, जमिनीत चौकोनी तोंड दिसेल. ते टाकं. तोंड लहान, आत पोट मोठं, म्हणजे उन्हाने पाणी उडत नाही. तोंडाच्या कडेला सभोवार खाच असते, ती झाकण बसवायला. आता तिथून मान वर करून कातळ पाहा: बोटभर ते वीतभर रुंदीच्या पन्हळी उतारावरून तिरप्या येतात, दोन-तीन एकत्र होतात आणि टाक्याच्या तोंडाशी संपतात. दाराच्या वर एक आडवी खाच कोरलेली असते, तिचं काम वेगळं. छपरावरून ओघळणारं पाणी भिंतीवरून आत न येता तिथेच सुटून खाली पडावं म्हणून ती. एखाद्या पन्हळीत बाटलीतलं थोडं पाणी ओतून पाहिलं तर आजही ते वळणं घेत टाक्याकडे जातं. टाक्यांतलं पाणी पिऊ नये. त्यात पानं, बेडूक आणि पर्यटकांनी टाकलेलं बरंच काही असतं.

माथ्याकडच्या कडेला सत्त्याऐंशीवी, निर्वाणवीथी. लांबलचक कपारीखाली विटांच्या आणि दगडाच्या छोट्या स्तूपांचे अवशेष, मोठ्या भिक्षूंच्या अस्थींवर बांधलेले. काहींवर नावं होती. इथे दगडाचा पोतही नीट पाहता येतो. ज्वालामुखीच्या राखेत तुकडे मिसळून घट्ट झालेला हा खडबडीत कातळ अजिंठ्याच्या दगडासारखा एकजीव नाही. तुकडे सुटतात, नाकं-डोळे झडतात. इथली शिल्पं पुसट दिसतात त्याचं निम्मं कारण हे, आणि त्यावर एके काळी गिलावा होता तो गेला हे उरलेलं.

नव्वदचं लेणं शेवटी, आणि त्याला वीस मिनिटं द्यावीत. भिंतीवर मधोमध अवलोकितेश्वर, दोन्ही बाजूंना चौकटीत संकटात सापडलेली माणसं: सिंह, साप, हत्ती, आग, तलवार उगारलेला शत्रू, आणि बुडतं जहाज. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी इथे दानं दिल्याचे लेख आहेत. जहाजाची चौकट त्यांच्यासाठी शोभेची नव्हती. याच लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेखही आहेत, इ.स. १००९ आणि १०२१ मधले. भेट देऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं कोरून ठेवली आहेत. लेख वाचता येत नसले तरी दिसावेत म्हणून एक युक्ती: बॅटरी समोरून मारायची नाही. भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरायची. खोदलेल्या रेघेत सावली भरते आणि सपाट वाटणाऱ्या भिंतीवर अक्षरं उमटतात. खडू, पाणी, बोट यातलं काहीही लावायचं नाही.

जेवण साडेबाराच्या आत. जागा निवडताना झाडाखालची सोडून उघडी पडवी घ्यावी, पाठ भिंतीला. लाल तोंडाची माकडं टोळीने येतात. एक समोर बसतं, दुसरं मागून डबा ओढतं. आलीच तर डबा झाकून उभं राहायचं, नजरेला नजर द्यायची नाही, दात दाखवून हसायचं नाही. त्यांच्या भाषेत ती धमकी. वस्तू गेली तर ती सोडून द्यावी. ओढाताणीत चावा बसला की रेबीजच्या लशीचे फेरे सुरू. काळतोंडी वानरं मात्र अंतर राखून असतात, झाडावर पानं खात बसतात.

दोनच्या सुमाराला चैत्यगृहात उतरायचं. सुमारे २६ मीटर लांब, १३ मीटर रुंद, ३४ खांब. दुसऱ्या शतकाच्या अखेरीला, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं. पडवीच्या दोन टोकांना उभे असलेले सात मीटर उंचीचे बुद्ध मात्र काही शतकांनी नंतर कोरलेले. दर्शनी भिंतीवरच्या दांपत्यांपाशी थांबावं: पगडीचे पीळ, बायकांच्या पायांतले जाड कडे, कमरेच्या मेखला, सगळं स्पष्ट आहे. आत गेल्यावर खांबांच्या रांगा एकसारख्या नाहीत हे पाहा. काहींना तळाशी घट आणि माथ्यावर हत्ती-घोड्यांवरचे स्वार, तर काही नुसतेच अष्टकोनी. काम मध्येच थांबलं असावं. छतात खाचांची ओळ दिसते, तिथे लाकडी कमानी बसवल्या होत्या. कार्ल्याला त्या अजून आहेत, इथे एकही उरली नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी याच दालनाचं चर्च केलं होतं.

साडेतीनला खाली. चारनंतर बसला झुंबड उडते. लेणी पाचच्या सुमाराला बंद होतात आणि त्याआधी पहारेकरी शिट्ट्या मारत माथ्यावरून सगळ्यांना खाली हाकतात. पाय धड असतील तर उतार चालत जावा, सव्वा तासात गेट. मात्र साडेपाचपर्यंत गेटपाशी पोचेल अशा बेताने. या जंगलात आणि आसपास कॅमेऱ्यांच्या मोजण्यांत चाळीस-पन्नासच्या दरम्यान बिबटे आढळले आहेत आणि तिन्हीसांजेनंतर रस्ता त्यांचा. लहान मुलं पुढे पळू द्यायची नाहीत, मोठ्यांच्या मधोमध ठेवायची. एकट्याने झुडपाआड बसायचं नाही. दिसलाच तर पाठ फिरवून धावायचं नाही, सगळ्यांनी जवळ येऊन उभ्याउभ्या, सावकाश मागे सरायचं.

दुसरा दिवस: शिलोंडा, मग गेट

पुन्हा साडेसात. आज माणसं कमी आणि चाल हळू. शिलोंड्याची वाट ओढ्याच्या कडेने जाते, चढ फारसा नाही, पण दगडगोटे आणि पानगळ. दुर्बीण असेल तर आज आणावी. गळ्यात आखूड पट्ट्याने, पिशवीत नाही.

सुरुवातीचा पाऊण तास काहीच घडत नाही असं वाटतं. आठ-साडेआठला ऊन शेंड्यांवर आलं की पक्ष्यांचे मिश्र थवे हलतात. आधी कोतवाल किंवा टकाचोर ऐकू येतो, मागोमाग वटवटे, नाचण, सुतार, स्वर्गीय नर्तक, सगळे एका दिशेने झाडं विंचरत जातात. थव्याच्या मागे धावू नये. तो ज्या दिशेला चालला आहे तिकडे पन्नास पावलं पुढे जाऊन गप्प उभं राहावं. फुललेला पांगारा किंवा काटेसावर दिसली तर तिथे पंधरा मिनिटं काढावीत. मैना, सूर्यपक्षी, पर्णपक्षी आणि भृंगराज मधासाठी येतात आणि भांडतात. पानं झडून गोरंपान खोड उघडं पडलेलं झाड म्हणजे कांडोळ. चांदण्यात भुतासारखं दिसतं म्हणून त्याला भुत्याही म्हणतात. डिंकासाठी त्याला घाव घालतात. उतारांवर काटकुळ्या दांड्यांची दाटी दिसते ती कारवीची. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलून मरते. वारल्यांच्या घरांच्या कुडाच्या भिंती या दांड्यांच्या.

आता मोज्यांविषयी. या दिवसांत गवत वाळलेलं असतं आणि त्याच्या टोकांवर गोचिडीची पिल्लं मोहरीच्या दाण्याहूनही बारीक होऊन बसतात. पँट मोज्यांत खोचली की त्यांना वर चढायला वाट मिळत नाही. गवतात बसायचं नाही, बसायचं ते उघड्या दगडावर. दुसरा उपद्रव खाजकुयली. वेलीवर लोंबणाऱ्या, तपकिरी मखमलीच्या, इंग्रजी एस अक्षरासारख्या वाकड्या शेंगा. हात लावला नाही तरी वाऱ्याने कुसं उडतात. वेल दिसली की वाऱ्याच्या वरच्या अंगाने जायचं. कुसं लागलीच तर चोळायचं नाही. चोळलं की ती आत रुततात आणि आग पसरते. चिकटपट्टी दाबून ओढून काढावी, ती नसेल तर ओली माती थापून वाळू द्यावी आणि खरवडून टाकावी. पिशवीत चिकटपट्टीचं रीळ म्हणूनच असावं.

ओढ्यापाशी पोचलात की पाण्यापेक्षा काठची वाळू पाहा. रात्रीची हजेरी तिथे लागलेली असते. चितळाच्या खुराचा ठसा दोन टोकदार फाकांचा. मांजर-कुळाचा आणि कुत्र्याचा ठसा वेगळा काढायला तीन गोष्टी बघायच्या. कुत्र्याच्या बोटांपुढे नखांचे टोचे उमटतात, बिबट्या नखं आत घेऊन चालतो. कुत्र्याचा ठसा उभट, बिबट्याचा गोलसर. आणि मागच्या गादीची खालची कड: बिबट्याची तीन ठळक लाटांची, कुत्र्याची तशी नाही. ठसा वाटेत एकटा दिसला तर खात्री करायची घाई नको, पुढचे तीन-चार शोधावेत. वाळू ओली असेल तर ठसा पसरून मोठा दिसतो, त्यावरून 'केवढा मोठा होता' हे ठरवू नये. वाटेच्या मधोमध केसांनी भरलेली, पीळदार, वाळून पांढरट झालेली विष्ठा दिसली तर वाटाडा काडीने उकलून दाखवतो. कधी चितळाचे केस निघतात, वस्तीच्या बाजूला बऱ्याचदा कुत्र्याचे. हाताने ती हाताळू नये.

प्रत्यक्ष बिबट्या दिसण्याची आशा धरून कुणी येऊ नये. वानरांचा खाकरल्यासारखा आवाज, चितळाची तुटक शिट्टी एकामागून एक एकाच दिशेने येऊ लागली की तो जवळपास आहे असं समजावं. तेवढ्यावर समाधान मानणाऱ्याला ही वाट आवडते.

साडेअकरापर्यंत वाट संपते. मग गेटजवळचा भाग, आरामात. निसर्ग माहिती केंद्रातलं प्रदर्शन मुलांना आता जास्त कळतं, कारण ठसे आणि पिसं नुकतीच पाहिलेली असतात. फुलपाखरांच्या बागेचा खरा हंगाम पावसाळ्यानंतरचा. फेब्रुवारीत थोडीच दिसतात, तरी नीलवंत एखादं असतं, महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. 'वनराणी' ही छोटी आगगाडी मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात रूळ उखडल्याने वर्षानुवर्षं बंद पडली होती. मुलांना कबूल करण्याआधी खिडकीवर गाडी चालू आहे ना हे विचारावं.

वाघ-सिंहांची सफारी जाळी लावलेल्या बसमधून, वीस-पंचवीस मिनिटांची. हे पिंजऱ्याहून मोठं पण कुंपणातलंच रान आहे. इथले सिंह जंगलातले आहेत अशी समजूत पुष्कळांची असते, ती मुलांच्या डोक्यात बसू देऊ नये. २०२२ च्या अखेरीला जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून सिंहांची एक जोडी आणली, त्या बदल्यात इथून वाघ तिकडे गेले. फोटो काढायचा तर भिंग जाळीला अगदी टेकवावं, म्हणजे जाळी पुसट होऊन जाते. तिकीट दुपारी जेवणाच्या वेळेला काढलं तर रांग लहान मिळते, पण प्राणीही झोपलेले मिळतात. तीननंतर ते हलतात. या दोन्हींतलं काय सोसायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. आमचा कौल तीननंतरच्या फेरीला.

पॅव्हेलियन टेकडीवरचं गांधी स्मारक चढायला दहा मिनिटं. वरून एका अंगाला सलग हिरवं, दुसऱ्या अंगाला बोरिवलीचे मनोरे. होडी शेवटी. पाणी उथळ असतं आणि गर्दीच्या दिवशी होड्या एकमेकींवर आपटतात, त्यामुळे मुलांचे हात काठाबाहेर राहू देऊ नयेत.

गेटबाहेर पाच वाजता रिक्षा मिळणं कठीण आणि मिळाली तर महामार्गाच्या वळशात अडकते. स्टेशनला चालत जावं, नाहीतर मेट्रो धरावी. घरी पोचल्यावर कपडे सरळ गरम पाण्यात टाकावेत आणि आंघोळीआधी कानामागे, काखेत, कमरपट्ट्याखाली, गुडघ्याच्या वळात गोचीड पाहावी. चिकटलेली असेल तर तेल, चुना, काडेपेटी काही लावू नये. चिमट्याने कातडीलगत डोक्याशी धरून सरळ वर ओढावी, पीळ न देता, म्हणजे डोकं आत तुटून राहत नाही. जागा साबणाने धुवावी, आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला किंवा अंगावर पुरळ उठलं तर डॉक्टरला 'जंगलात गेलो होतो, गोचीड चावली होती' हे आपणहून सांगावं.